भाषा सुधारण्यासाठी पुस्तकं: कोणती घ्यावीत, कोणत्या क्रमाने आणि वाचावीत कशी

‘मराठीत नीट लिहिता यावं म्हणून कोणती पुस्तकं वाचू?’ पुण्यात हा प्रश्न तऱ्हेतऱ्हेची माणसं विचारतात. एमपीएससीची तयारी करणारा मुलगा, हिंजवडीत टीम सांभाळणारी इंजिनिअर, सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसलेले काका. उत्तर म्हणून दहा नावांची यादी मिळते. अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं घरी येतात, पहिली काही पानं वाचून होतात आणि मग ती कपाटात जातात. यात दोष पुस्तकांचा नसतो. भाषेवरचं पुस्तक कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की असं होतंच. ही पुस्तकं स्वतःचा मजकूर शेजारी ठेवून उघडायची असतात. प्रश्न आधी, पुस्तक नंतर. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

पायरी १: आधी स्वतःचं लेखन समोर ठेवा

गेल्या दोन-तीन महिन्यांत तुम्ही खरोखर जे लिहिलंत ते गोळा करा. ऑफिसचा ईमेल, बँकेला दिलेला अर्ज, सोसायटीची सूचना, फेसबुकवरची मोठी पोस्ट, एखाद्या कार्यक्रमासाठी लिहिलेलं निवेदन. प्रिंट काढता आली तर उत्तम, कारण कागदावर चुका लवकर दिसतात. मग तीन रंगांची पेनं घ्या.

पहिल्या रंगाने अशा खुणा करा, जिथे शब्द कसा लिहायचा याची शंका आहे. दुसऱ्या रंगाने ती वाक्यं अधोरेखित करा, जी तुम्हाला स्वतःलाच दोनदा वाचावी लागली. तिसरा रंग अशा जागांसाठी, जिथे शब्द बरोबर होते, वाक्यही बरोबर होतं, पण समोरच्याने भलताच अर्थ घेतला किंवा तो दुखावला.

ज्या रंगाच्या खुणा जास्त, त्या पायरीपासून सुरुवात करा. तिसरा रंग जास्त असेल तर व्याकरणाचं पुस्तक विकत घेऊन काहीही साधणार नाही.

पायरी २: शुद्धलेखनासाठी एक नियमांचं, एक शब्दांचं

आज आपण जे लेखननियम पाळतो ते मराठी साहित्य महामंडळाचे आहेत. १९६२मध्ये शासनाने त्यातले चौदा नियम स्वीकारले, १९७२मध्ये आणखी चार आले. एकूण अठरा. पाठ करायला नव्हे, पण एकदा स्वस्थपणे वाचायला संध्याकाळ पुरते. इतक्या कमी नियमांची इतकी भीती आपल्या मनात बसली आहे, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

नियम उलगडून सांगणारं पुस्तक म्हणून मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ घ्या. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ठेवणाऱ्या चौकातल्या बहुतेक दुकानांत ते हाताशीच असतं. परीक्षेचं पुस्तक म्हणून त्याकडे नाक मुरडू नका. मांडणी सरळ आहे आणि उदाहरणं भरपूर आहेत. यास्मिन शेख यांची ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ याहून आटोपशीर आहे. ज्यांना व्याकरणाची परिभाषा नकोशी वाटते, त्यांनी तिथून सुरुवात करावी.

दुसरं पुस्तक शब्दांचं. अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ किंवा यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’. दोन्ही घेण्याची गरज नाही. फडक्यांचंच ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ हे छोटं पुस्तक नावाप्रमाणे खिशात मावतं आणि ऑफिसच्या टेबलावर ठेवायला सोयीचं आहे.

आता वापरायचं कसं? समजा, पहिल्या रंगाची खूण ‘वकीलाने’ या शब्दावर आहे. कोशात ‘वकील’ काढा. सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचं होणारं रूप, ‘वकिला-’ असं दिसेल, म्हणजे ‘वकिलाने’. इथे थांबू नका. नियमांच्या पुस्तकात जाऊन हे का झालं ते पाहा: मराठी शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातली इकार-उकाराची मात्रा दीर्घ असेल, तर विभक्तीचा प्रत्यय लागताना ती ऱ्हस्व होते. गरीब, गरिबाला. फूल, फुलाला. जमीन, जमिनीवर. लगेच मनात येईल, मग ‘शरीर’चं ‘शरिराला’ का नाही? कारण ‘शरीर’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे. अशा शब्दांत ही मात्रा बदलत नाही. म्हणून शरीराला, गीताने, परीक्षेला. एका शंकेतून एक नियम आणि त्याचा अपवाद असं दोन्ही हाती लागलं, तेही स्वतःच्या वाक्यातून. हे विसरायला होत नाही.

अशीच दुसरी जोडी: गुरू आणि कवी एकटे असताना दीर्घ, पण गुरुपौर्णिमा आणि कविमन ऱ्हस्व. आणि ‘आणि’ कायम ऱ्हस्व.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक मात्र ऱ्हस्व-दीर्घाची नसते. ती तोडून लिहिण्याची असते. ‘घरा समोर’, ‘त्या मुळे’, ‘मी सुद्धा’, ‘पाणी पुरवठा’. समोर, मुळे, सुद्धा यांसारखं शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच यायला हवं: घरासमोर, त्यामुळे, मीसुद्धा. सामासिक शब्दही जोडूनच: पाणीपुरवठा. एवढी एक सवय लागली तरी मजकूर वाचायला किती सोपा होतो ते स्वतःच पाहा.

शुद्धलेखन शिकताना एक पुस्तक सोबत हवंच

ही वेगळी पायरी नाही, पण दुसऱ्या पायरीबरोबरच करावी अशी माझी आग्रहाची सूचना आहे. डेक्कन कॉलेजात अध्यापन केलेले भाषाशास्त्रज्ञ ना. गो. कालेलकर यांचं ‘भाषा आणि संस्कृती’ वाचा. त्यांच्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या पुस्तकाला १९६७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता, तेही पुढे जरूर वाचा. दोन्ही पुस्तकं अभ्यासकांपुरती नाहीत, धीराने वाचणाऱ्या कुणालाही कळतील.

कारण असं. पुण्यात प्रमाण मराठी ही जणू घरचीच, असं समजण्याची एक रीत आहे. लातूरहून, यवतमाळहून, नंदुरबारहून शिकायला आलेला मुलगा वर्गात ‘करून राहिलो’ किंवा ‘पाह्यजे’ म्हणाला की कुणीतरी हसतं. तो मुलगा पुढे वर्षभर तोंड उघडत नाही. लेखनाचे नियम हे लिहिण्याच्या सोयीसाठी आहेत. सगळ्या महाराष्ट्राला एकमेकांचं लिहिलेलं विनासायास वाचता यावं म्हणून. कुणाच्या आईची बोली कमी दर्जाची ठरवण्याचा अधिकार ते देत नाहीत. प्रत्येक बोलीला स्वतःचं व्याकरण असतं, ती नियमानेच चालते, आणि प्रमाण मानली गेलेली भाषा ही इतिहासाच्या ओघात पुढे आलेली अनेकांतली एक असते. ही समज नसताना हातात शुद्धलेखनाचा कोश आला, की माणूस दुसऱ्यांच्या चुका काढत सुटतो आणि त्याचं स्वतःचं लेखन आहे तिथेच राहतं.

पायरी ३: वाक्य

खरा वेळ इथे द्या. बहुतेकांच्या कागदावर दुसरा रंगच जास्त असतो, फक्त तो आधी दिसत नाही. एक नमुना पाहू. अशी सूचना पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या फलकावर सापडेल:

‘सर्व सन्माननीय सभासदांना या पत्रकाद्वारे कळविण्यात येते की, आपल्या सोसायटीच्या भूमिगत पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेचे काम गुरुवारी हाती घेण्यात येणार असल्यामुळे सकाळी १० ते दुपारी ४ या कालावधीत पाणीपुरवठा खंडित करण्यात येईल, तरी सभासदांनी आवश्यक ती व्यवस्था करून सहकार्य करावे.’

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरी लिफ्टची वाट पाहणाऱ्या बाईंना पाणी कधी जाणार हे कळायला अर्धं वाक्य पार करावं लागतं. ‘सोसायटीच्या, पाण्याच्या, टाकीच्या, स्वच्छतेचे’ अशी षष्ठीची माळ लागली आहे. ‘भूमिगत’ हे विशेषण पाण्याला चिकटलंय, जायला हवं होतं टाकीला. ‘कळविण्यात येते’, ‘घेण्यात येणार’, ‘करण्यात येईल’ असं तीनदा आलं, पण काम करणारं कोण ते कुठेच नाही. आणि ‘आवश्यक ती व्यवस्था’ म्हणजे नेमकं काय करायचं?

आता असं लिहून पाहा:

‘गुरुवारी सकाळी १० ते दुपारी ४ नळाला पाणी येणार नाही. त्या वेळात आपण जमिनीखालची टाकी धुऊन घेणार आहोत. कृपया बुधवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे. चारनंतर सुरुवातीला पाणी गढूळ आले, तर थोडा वेळ नळ सोडून ठेवावा. काही अडचण असल्यास सेक्रेटरींना फोन करावा.’

वाचणाऱ्याला जे सगळ्यात आधी हवं ते पहिल्या वाक्यात आलं. एका वाक्यात एकच गोष्ट. करणारा दिसतो. आणि सूचनेची अदब कुठेही गेली नाही.

हे शिकवणारी पुस्तकं कोणती? मराठीत वाक्याची मोडणी समजण्यासाठी वाळंब्यांच्या पुस्तकातली वाक्यपृथक्करण आणि प्रयोग ही प्रकरणं पुरेशी आहेत. त्यापुढे जायचं असेल तर मोरो केशव दामले यांचं १९११चं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आहे. ग्रंथालयात बसून एखादं प्रकरण वाचावं असं. आणि ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांनी वाक्यरचनेवर ‘वाक्यमीमांसा’ लिहिली होती, हे फार थोड्यांना माहीत असतं. समाजसुधारणेसाठी झटणाऱ्या माणसाने मराठी वाक्य कसं बनतं यावर पुस्तक लिहावं, यात मला त्यांच्या लेखनातल्या स्वच्छपणाचं एक कारण दिसतं.

मात्र लेखनकलेवरची रोजच्या कामाची पुस्तकं इंग्रजीत जास्त आहेत, आणि ती वाचण्यात काही कमीपणा नाही. विल्यम स्ट्रंक यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी १९१८मध्ये काढलेली आणि पुढे १९५९मध्ये ई. बी. व्हाइट यांनी वाढवलेली ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ ही पुस्तिका दोन बैठकांत वाचून होते. विल्यम झिन्सर यांचं ‘ऑन रायटिंग वेल’ (१९७६) अधिक मोकळं आहे. अनावश्यक शब्द कसे छाटावेत यावरचं प्रकरण अवश्य वाचा. सरकारी किंवा कंपनीच्या कार्यालयात टिपणं लिहिणाऱ्यांनी अर्नेस्ट गॉवर्स यांचं ‘प्लेन वर्ड्स’ शोधावं. ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून, सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ते लिहिलं गेलं आणि १९४८मध्ये प्रसिद्ध झालं. इंजिनिअर, डॉक्टर, सीए यांच्यासाठी स्टीव्हन पिंकर यांचं ‘द सेन्स ऑफ स्टाइल’ (२०१४), त्यातही एका मुद्द्यासाठी: आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नसेल, हे जाणकाराला सुचतच नाही, आणि दुर्बोध लेखनाचं मोठं कारण तेच असतं.

या पुस्तकांतला प्रत्येक नियम मराठीला लागू होत नाही, आणि इथेच बरीच माणसं गोंधळतात. स्ट्रंक आणि इंग्रजी लेखक जॉर्ज ऑर्वेल दोघंही सांगतात की कर्मणी रचना टाळा. आता ‘मीनाने चिठ्ठी लिहिली’ हे वाक्य पाहा. क्रियापद ‘चिठ्ठी’प्रमाणे चालतं, म्हणजे आपल्या व्याकरणात हा कर्मणी प्रयोग झाला. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ मराठीत बहुधा असाच होतो. तो टाळायचा म्हटलं तर बोलणंच बंद पडेल. इंग्रजी लेखकांचा रोख ज्यावर आहे, ते मराठीत ‘करण्यात आले’, ‘समितीकडून ठरविण्यात आले’ अशा रूपात येतं. छाटायचं ते तिथे. ‘समितीने ठरवले’ पुरतं.

दुसरा फरक क्रियापदाच्या जागेचा. इंग्रजीत क्रियापद लवकर येतं, त्यामुळे वाक्य नंतर लांबलं तरी वाचक तग धरतो. मराठीत ते शेवटी येतं. मधे ‘असलेल्या’, ‘होणाऱ्या’, ‘दिल्या गेलेल्या’ अशी विशेषणं भरली, तर वाचकाला सगळं डोक्यात धरून शेवटापर्यंत चालावं लागतं. म्हणून मराठीत वाक्य लहान ठेवण्याची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे. निदान कर्ता आणि क्रियापद यांच्यातलं अंतर तरी कमी ठेवा.

सराव असा करा: आठवड्यातून एकदा स्वतःचा एक परिच्छेद घ्या, त्यातले ‘करण्यात’ आणि ओळीने आलेले ‘-च्या’ यांवर गोल करा, आणि तो परिच्छेद पुन्हा लिहा.

पायरी ४: कोश उघडण्याची सवय

य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात बसून ‘महाराष्ट्र शब्दकोश’ तयार केला. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात आले, पुरवणी १९५०मध्ये. तो विकत घेण्याचा विचार आत्ता नको. मोठ्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात पाहा. शिवाय शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर तो आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) दोन्ही फुकट शोधता येतात. मोल्सवर्थ मला विशेष प्रिय आहे, कारण त्यात कुळवाडी, सुतार, कोष्टी यांच्या बोलण्यातले शब्द भरभरून आहेत.

कार्यालयीन शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि ‘शासन व्यवहार कोश’ वापरा. पदांची आणि संज्ञांची नावं तिथून घ्या. वाक्याचा सूर मात्र तिथून उचलू नका.

पायरी ५: कान तयार करा

नियम कळले तरी चांगलं वाक्य कानात असल्याशिवाय हातातून उतरत नाही. त्यासाठी तीन पुस्तकं सुचवतो.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. औपचारिक शिक्षण नसलेल्या बाईंचं हे गद्य आजही थेट समोर बसून बोलल्यासारखं वाटतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५): छोटी वाक्यं, नेमकी नामं, विशेषणं अगदी थोडी. आणि विचार मांडण्याचा नमुना म्हणून इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’. डेक्कन कॉलेजातल्या या विदुषीने अवघड प्रश्न घरगुती मराठीत कसे मांडले आहेत ते पाहा.

रोज एक पान मोठ्याने वाचा. मनात नव्हे, आवाज काढून. आवडलेला परिच्छेद वहीत हाताने उतरवून काढा. उतरवताना स्वल्पविराम कुठे आला, वाक्य कुठे तोडलं, हे बोटांना कळतं. मग पुस्तक मिटून तोच परिच्छेद आठवून लिहा आणि मुळाशी ताडून पाहा. जिथे तुमचं वाक्य लांबलं, तिथे लेखकाने काय गाळलं होतं ते लक्षात येईल.

पायरी ६: तिसरा रंग, म्हणजे समोरचा माणूस

इथे दोन पुस्तकं उपयोगी आहेत. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांचं ‘गेटिंग टू येस’ (१९८१) सांगतं की माणूस आणि प्रश्न वेगळे ठेवा, आणि समोरचा काय मागतो यापेक्षा त्याला ते का हवंय हे शोधा. मार्शल रोझेनबर्ग यांचं ‘नॉनव्हायोलंट कम्युनिकेशन’ बोलण्याचे चार भाग करतं: जे घडलं ते, त्याने काय वाटलं, गरज कोणती आणि विनंती काय.

पार्किंगचं भांडण घ्या. ‘तुम्ही नेहमीच गाडी आडवी लावता’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘नेहमी? कधी बघितलंत?’ त्याऐवजी: ‘काका, काल आणि आज सकाळी तुमची गाडी गेटजवळ होती. मला मुलीला शाळेत सोडायचं होतं, निघता येईना, फार धांदल झाली. रात्री भिंतीकडे लावाल का?’ यात चारही भाग आले.

पण परकी पुस्तकं एक गोष्ट सांगू शकत नाहीत. मराठीत विनंतीचा सूर मुख्यतः क्रियापदात असतो. ‘लाव’, ‘लावा’, ‘लावाल का’, ‘लावावी’, ‘लावता आली तर बरं होईल’. प्रत्येक रूपाने नातं वेगळं दिसतं. घरच्या मोठ्यांशी बोलताना ‘लावाल का’ शोभतं, फलकावर ‘लावावी’, आणि हाताखाली काम करणाऱ्या माणसाला ‘लाव’ ऐवजी ‘लावा’ म्हटलं तर आपलं काहीच जात नाही. तुमच्या तिसऱ्या रंगाच्या खुणा पाहा. त्यातल्या बऱ्याच या रूपांच्या निवडीवर येऊन थांबतील.

ऐकण्याचा सरावही लागतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात टिळक रस्त्यावर टिळक स्मारक मंदिरात भरते. एखाद्या संध्याकाळी जा, व्याख्यानात काही टिपू नका, आणि घरी येऊन वक्त्याचं म्हणणं पाच वाक्यांत लिहा. सोबत कुणी आलं असेल तर त्यांनाही लिहायला सांगा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा.

पायरी ७: खरेदी आणि ग्रंथालय

सगळं विकत घेऊ नका. नियमांचं एक आणि शब्दांचं एक, ही दोन पुस्तकं मात्र स्वतःचीच हवीत, कारण त्यांच्या समासात खुणा करायच्या असतात. लेखनकलेवरचं एक घ्या. मराठीत लिहिणाऱ्याला झिन्सर पुरे. बाकीची ग्रंथालयातून आणा. १८४८पासून चालत आलेलं पुणे नगर वाचन मंदिर, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय आणि विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय यांपैकी जे तुमच्या वाटेवर असेल तिथे चौकशी करा. ‘स्मृतिचित्रे’सारखं पुस्तक तर नातेवाइकांच्या कपाटातही असण्याची शक्यता असते.

जुनी पुस्तकं घेताना एक पाहा. ‘नांव’, ‘घरीं’, ‘त्यांत’ असे अनुच्चारित अनुस्वार छापलेले दिसले, तर ती प्रत १९६२च्या आधीच्या पद्धतीची आहे. वाचनाला ती उत्तमच. माडगूळकर किंवा लक्ष्मीबाई त्या छपाईत वाचण्यात वेगळी गोडी आहे. पण शुद्धलेखनाचं पुस्तक किंवा कोश मात्र १९७२नंतरचाच घ्या, आणि शक्य असेल तर दुकानात उभ्याउभ्याच ‘वकिलाने’ आणि ‘गुरुपौर्णिमा’ हे दोन शब्द त्यात काढून पाहा.